खिंडीत गाठणे, उखळ पांढरे होणे आणि हिरवा कंदील

‘खिंडीत गाठणे’ म्हणजे समोरच्याला पळायला वाट उरणार नाही अशा जागी किंवा अशा वेळी पकडणे. अधिवेशनात विरोधक मंत्र्याला खिंडीत गाठतात. उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाला वाणी भर लग्नाच्या मांडवात खिंडीत गाठतो. दोन्ही ठिकाणी डोंगर नसतो आणि खिंडही नसते. शब्दांचा मूळ अर्थ मागे राहून सगळ्यांचा मिळून एक निराळाच अर्थ रूढ झाला की त्याला वाक्प्रचार म्हणतात. इंग्रजीत अशा रचनांना ‘इडियम’ हे नाव आहे. वाक्प्रचाराचे क्रियापद काळाप्रमाणे बदलते, बाकीचे शब्द मात्र जागचे हलत नाहीत. डोंगरातली घळसुद्धा अडचणीचीच जागा, पण ‘घळीत गाठले’ म्हटले तर ऐकणारा खरोखरच्या घळीचा विचार करू लागेल. म्हण याहून वेगळी. ती आपल्या पायावर उभी असलेली पुरी गोष्ट सांगते. वाक्प्रचाराला वाक्याचा आधार लागतो.

शाळेत वाक्प्रचार शिकवतात ते यादीने: डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ, खाली ‘वाक्यात उपयोग करा’. इंग्रजी वाक्प्रचारही तसेच पाठ करवले जातात. परीक्षेपुरते ते भागते. पण वाक्प्रचार कुठे शोभतो आणि कुठे नाही, हे उजव्या बाजूच्या अर्थावरून कळत नाही. त्यासाठी तो कोणत्या जागेवरून, कोणत्या कामातून किंवा कोणत्या प्रसंगातून उचलला गेला ते पाहावे लागते. खालापूर आणि कर्जत या रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या दोन तालुक्यांत त्या जागा एकमेकींच्या शेजारीच सापडतात. वर घाट, खाली भातखाचरे आणि मधून आगगाडी.

आधी घाटाकडे. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. अंबा नदीच्या पात्रालगत आज तिथे विजयाचे स्मारक उभे आहे. मोगल सुभेदार शायिस्ताखान १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला आणि त्या वर्षी त्याने चाकणचा किल्ला घेतला. पुढचे पाऊल म्हणून उत्तर कोकण ताब्यात घेण्यासाठी त्याने कारतलबखान या उझबेक सरदाराला पाठवले. खानाबरोबर माहूरच्या उदाराम घराण्यातली रायबाघन ही सरदारीणही होती. फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाटाने खाली उतरली. उतरताना वाट अरुंद होत गेली, दोन्ही अंगांना दाट रान, आणि शेवटी उंबरखिंडीत माणसामागे माणूस चालेल एवढीच जागा. हत्ती, घोडे, तोफा आणि बाजारबुणगे अशा वाटेवर आले की फौजेची लांब शेपटी होते. पुढच्याला मागच्याची मदत होत नाही.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी या फौजेला इथेच गाठले. महाराजांजवळ माणूस कमी होते, पण दोन्ही बाजूंचे उतार आणि दोन्ही तोंडे त्यांच्या हातात होती. खानाच्या लोकांना पुढे जाता येईना, मागे फिरता येईना आणि पाणीही मिळेना. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या लढाईचे सविस्तर वर्णन आहे. शरण जाण्याचा सल्ला रायबाघनने दिला असे त्यात येते. खानाने अभय मागितले, सामानसुमान आणि खंडणी देऊन वाट मोकळी करून घेतली आणि फौज आली तशी परत गेली.

या लढाईवरूनच ‘खिंडीत गाठणे’ हा वाक्प्रचार निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. सह्याद्रीत खिंडी शेकड्याने आहेत आणि त्यांत गाठले गेलेलेही पुष्कळ. पण त्याचा अर्थ दाखवण्यासाठी उंबरखिंडीइतके चोख उदाहरण दुसरे नाही. गाठणाऱ्याचे बळ जास्त असावे लागत नाही, जागा आणि वेळ त्याची असावी लागते, हा वाक्प्रचाराचा गाभा तिथे डोळ्यांना दिसतो. म्हणूनच बलाढ्य कंपनीने एखाद्या कामगाराला नोकरीवरून काढले तर तिने त्याला ‘खिंडीत गाठले’ असे कोणी म्हणत नाही. त्याच कामगाराने वार्षिक सभेत अध्यक्षांना नेमका अडचणीचा प्रश्न विचारला तर मात्र म्हणतात.

याच्या शेजारी ‘खिंड लढवणे’ ठेवला तर गंमत कळते. तो बाजीप्रभू देशपांड्यांच्या घोडखिंडीशी जोडला जातो. जुलै १६६०, म्हणजे उंबरखिंडीच्या सातच महिने आधीची ती लढाई. खिंड तशीच, पण बाजू उलटी. इथे खिंडीत उभा असलेला माणूस अडकलेला नाही, त्याने ती स्वतःहून धरली आहे आणि मागचे लोक सुखरूप पोहोचेपर्यंत ती सोडायची नाही. सगळे शिक्षक रजेवर असताना एकट्या बाईंनी शाळेची खिंड लढवली, असे म्हणतात ते याच अर्थाने. एकाच डोंगरी जागेचे दोन वाक्प्रचार झाले, एक हल्ला करणाऱ्याचा आणि एक राखणाऱ्याचा.

कोंडी हाही त्याच घराण्यातला शब्द. वेढा घालून रसद तोडली की कोंडी होते आणि वेढा मोडला की ती फुटते. आता संप मिटला की कोंडी फुटते, बोलणी पुढे सरकली की कोंडी फुटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सुट्ट्या जोडून आल्या की खोपोलीच्या वर बोरघाटात जी होते तिला सरकारी पत्रकातही ‘वाहतूक कोंडी’च म्हणतात. अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवण्याला इंग्रजीत ‘ब्रेक द आइस’ म्हणतात, शब्दशः बर्फ फोडणे. ज्या देशांत नद्या गोठतात आणि जहाजांना बर्फ फोडून वाट काढावी लागते तिथे हे चपखल आहे. मराठीत ‘बर्फ फोडला’ म्हटले की सरबताची गाडी आठवते, म्हणून भाषांतरकार शहाणा असेल तर तिथे ‘कोंडी फोडली’ असे लिहितो.

पेशवाईने मराठीला दिलेल्या वाक्प्रचारांची यादी मोठी आहे. त्यातला सर्वांत ठळक ‘पानिपत होणे’. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा जो संहार झाला त्यावरून पुरता धुव्वा उडण्याला हा शब्द रूढ झाला. निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते, गणिताच्या पेपरात मुलाचे होते. इंग्रजीत याच्या जवळचा वाक्प्रचार म्हणजे एखाद्याला त्याचे ‘वॉटर्लू’ भेटणे, म्हणजे आजवर जिंकत आलेल्याचा शेवटचा, निर्णायक पराभव होणे. १८ जून १८१५ च्या लढाईत नेपोलियन हरला त्यावरून तो आला. दोन्हींत एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजांनी शत्रूच्या पराभवाचा वाक्प्रचार केला, मराठी माणसाने स्वतःच्या. कदाचित म्हणूनच ‘पानिपत’ मराठीत थोडे हसून, थोडे चुटपुट लागून वापरले जाते. त्याचा जोडीदार ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा पानिपताच्या तीनच वर्षे आधीचा. १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या. आज परदेशात नाव काढणाऱ्या कोणाच्याही सत्कारात हा झेंडा एकदा तरी लावला जातो, इतका की तो आता बराच विटला आहे.

‘ध चा मा करणे’ म्हणजे मजकुरात किंचित फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावास ‘धरावे’ असे होते, रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’चा ‘मा’ करून ते ‘मारावे’ केले, अशी कथा आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले हा इतिहास. आनंदीबाईची चिठ्ठी मात्र अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. वाक्प्रचाराला पुराव्याची गरज भासत नाही. एका अक्षराने जीव जाऊ शकतो ही गोष्ट लोकांना पटली आणि ती चिकटली.

‘साडेतीन शहाणे’ याच काळातले. सखारामबापू बोकील, निजामाचे विठ्ठल सुंदर, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणवीस अर्धे. नाना बुद्धीने कोणाला हार जाणारे नव्हते, पण तलवारीचे गडी नव्हते, म्हणून अर्धे असे कारण देतात. खोपोलीतले वीरेश्वराचे देऊळ आणि त्याच्या पुढचे मोठे तळे नानांनी बांधवले असे सांगतात. बोरघाट चढण्याआधी वाटसरूंना पाणी आणि विसावा मिळावा ही त्यामागची दृष्टी पाहिली तर अर्धा शहाणा म्हणजे काय याचा पुन्हा विचार करावासा वाटतो.

घाट उतरला की भात लागतो. कर्जत-खालापूरचे मुख्य पीक तेच. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात काढलेल्या भाताच्या जाती ‘कर्जत’ याच नावाने आणि पुढे आकडा लावून ओळखल्या जातात. इथे शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात. मधल्या साऱ्या खटाटोपातून मराठीचे कितीतरी वाक्प्रचार निघाले आहेत.

‘उखळ पांढरे होणे’ घ्या. अर्थ सगळ्यांना ठाऊक: एकदम भरपूर पैसा मिळणे, चांगभले होणे. पण पांढरे का? गिरणी येण्याआधी भात घरीच उखळात कांडत. दगडी किंवा लाकडी उखळात भात ओतायचे, समोरासमोर उभ्या राहून दोघी बायका आळीपाळीने मुसळ मारायच्या. पहिल्या कांडपात तूस सुटते आणि ते सुपाने पाखडून काढतात. तांदूळ तेवढ्याने पांढरा होत नाही, त्याच्यावर तांबूस पापुद्रा असतो. पुन्हा उखळात घालून सडले की तो पापुद्रा पिठासारख्या बारीक कोंड्याच्या रूपाने निघतो आणि उखळाच्या आतल्या अंगाला बसतो. ज्या घरी आठवड्यातून एकदा जेमतेम कांडण होते तिथले उखळ काळपट राहते. ज्याच्या घरी रोज कांडावे लागते आणि तांदूळ चांगला सडून खाण्याची चैन परवडते त्याचे उखळ पांढरे दिसते. श्रीमंतीची ही खूण शेजारणीला अंगणातूनच दिसत असे. या वाक्प्रचारात एक बारीक टोचणीही आहे. कष्टाने, टप्प्याटप्प्याने वर आलेल्या माणसाबद्दल तो सहसा वापरत नाहीत. महामार्गात जमीन गेली आणि एकदम मोबदला हातात आला, अशा वेळी गाव म्हणते की त्याचे उखळ पांढरे झाले.

कांडपाचे उरलेसुरले वाक्प्रचार झटपट पाहता येतील. सगळी मेहनत फुकट गेली की ‘मुसळ केरात’. निघालेल्या कोंड्याचाही काही गोड पदार्थ करून दाखवणारी काटकसरी गृहिणी ‘कोंड्याचा मांडा’ करते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही तर रोजच्या स्वयंपाकातली. पातेल्यातले एक शीत बोटांत दाबून पाहिले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. यात एक अट गृहीत आहे, की भात एकाच पातेल्यातला हवा. एका माणसाच्या वागण्यावरून सगळ्या गावाची परीक्षा करणारे ती अट विसरतात.

मुसळ पावसातही आहे. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा ‘मुसळधार’, म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांचा असतो. इंग्रजीत अशा पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे कुत्री-मांजरे कोसळणे म्हणतात. याची उत्पत्ती सांगणाऱ्या सुरस कथा पुष्कळ आहेत. छपरात झोपलेली मांजरे पावसात घसरून पडत, हीही त्यातलीच. त्यांतल्या कोणत्याही कथेला आधार नाही. इंग्रजी शिकणाऱ्याने त्या फंदात न पडता ‘धो धो पाऊस’ एवढा अर्थ घ्यावा आणि हा वाक्प्रचार आता इंग्रजही फारसा वापरत नाहीत हे लक्षात ठेवावे.

आगगाडी आली तशी नवी भाषा आली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ फुटांना एक फूट इतका खडा, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात आणि स्टेशनावर वडापाव विकणाऱ्यालाही हा शब्द बँकेतल्या माणसाच्या आधी इंजिनाच्या अर्थाने ठाऊक असतो. रेल्वेच्या हिशेबात मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. म्हणजे कर्जतला डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी घाट उतरते. रोज नोकरीसाठी कल्याण-मुंबई गाठणारे कर्जतकर ‘अप-डाऊन करतात’. त्या शब्दांत वर-खाली कुठेच उरलेले नाही.

बिघडलेला संसार पुन्हा नीट चालू लागला की ‘गाडी रुळावर येते’, बोलणारा भलतीकडे गेला की ‘गाडी रुळावरून घसरते’. सरकारने योजनेला मंजुरी दिली की ते तिला ‘हिरवा कंदील दाखवते’. रात्री गार्डाने हिरवा कंदील हलवला की गाडी सुटायची. इंग्रजीत याला ‘ग्रीन लाइट’, म्हणजे नुसता दिवा. मराठीने स्टेशनावर जे दिसले ते उचलले आणि कंदील म्हटले. आता गार्डाच्या हातात बॅटरी असते, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून कंदील गेलेला नाही. ‘मैलाचा दगड’ हेही तसेच. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला तेव्हापासून मैलांच्या हिशेबानेच या वाटेने प्रवास झाला. पुढे मैल गेले आणि किलोमीटर आले. रस्त्याकडेचे दगड बदलले, वाक्प्रचार बदलला नाही.

इंग्रजीतून मराठीत आलेल्या वाक्प्रचारांचे दुसरे मोठे दार म्हणजे शाळेचे पुस्तक. बापू छत्रे यांचे ‘इसापनीति’चे मराठी भाषांतर १८२८ मधले. इसाप मुळात ग्रीक, पण मराठी मुलांच्या हाती तो इंग्रजीच्या वाटेने आला. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, लांडगा आला रे आला, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हे सारे त्या गोष्टींतले आणि आज ते परके वाटत नाहीत. ‘सिंहाचा वाटा’ची कथा मात्र पाहण्यासारखी आहे. इसापाच्या गोष्टीत सिंह इतर जनावरांबरोबर शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी दमदाटीने सगळीच शिकार आपल्याकडे ठेवतो. इंग्रजीत त्याचा अर्थ सर्वांत मोठा हिस्सा असा झाला. मराठीत आल्यावर सिंह पुरता सुधारला. ‘गावात पाणी आणण्याच्या कामात त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्या गृहस्थांनी काही लाटलेले नसते. उलट सर्वांत जास्त काम केलेले असते. इंग्रजी लेखात ‘लायन्स शेअर’ दिसले की मराठी वाचक कौतुक समजतो आणि कधीकधी तिथे तक्रार असते.

‘बळीचा बकरा’ आणि इंग्रजीतला ‘स्केपगोट’ यांचेही असेच. दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा निर्दोषाला भोगायला लावणे हा अर्थ दोन्हीकडे एक. पण यहुदी धर्मग्रंथातल्या विधीत बोकड दोन असतात. एकाचा बळी देतात आणि दुसऱ्याच्या माथी लोकांची पापे घालून त्याला रानात सोडतात. इंग्रजी शब्द या दुसऱ्यावरून आला, त्याची मान शाबूत राहते. मराठी बकऱ्याची राहत नाही. ज्या मुलखात जत्रेला बोकड कापताना लहानथोरांनी पाहिलेला असतो तिथे दुसरी कल्पना सुचणारही नाही. ‘हिमनगाचे टोक’ मात्र हिमनग न पाहताच मराठीने घेतले. हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो ही शास्त्राच्या पुस्तकातली माहिती, आणि घोटाळ्यांच्या बातम्यांना असा शब्द हवाच होता. ‘नक्राश्रू’ तर संस्कृतचा अंगरखा घालून आला, त्यामुळे मगरीचे खोटे अश्रू ही युरोपातली जुनी समजूत आहे हे ओळखू येत नाही.

काही वाक्प्रचार भाषांतरात येत नाहीत, पण शेजारी बसवता येतात. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणतात. निळा चंद्र म्हणजे न घडणारी गोष्ट, असा त्याचा जुना रोख. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणायचे, ही व्याख्या विसाव्या शतकातली. अशी पौर्णिमा सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांनी येते. सौर वर्ष आणि चंद्राचे महिने यांचा मेळ बसत नाही म्हणून ती येते, आणि नेमक्या याच कारणाने, जवळपास तेवढ्याच अंतराने मराठी पंचांगात अधिक महिना येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पौर्णिमा दोन होत्या. आकाशातला हिशेब एकच, पण इंग्रजीने त्यातून दुर्मिळपणा घेतला आणि मराठीने ‘दुष्काळात तेरावा महिना’. आधीच धान्य पुरत नाही, त्यात वर्षाला महिना वाढला. आषाढात कणगीचा तळ पाहिलेल्या भातवाल्या मुलखाला चंद्राच्या रंगापेक्षा हेच आधी सुचणार.

या सगळ्याची नोंद करण्याचे काम मराठीत चांगले झालेले आहे. विद्याधर वामन भिडे यांचे ‘मराठी भाषेचे वाक्प्रचार व म्हणी’ १९१० मधले. त्याआधी १८९९ मध्ये आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा इंग्रजी अर्थांसह संग्रह ऑक्सफर्डहून निघाला होता. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४० च्या दशकात दोन भागांत आला आणि आजही शंका आली की तोच उघडावा लागतो. कर्जत लोकलच्या डब्यात मात्र ‘डोके हँग झाले’, ‘त्याची बॅटरी उतरली’, ‘तो सध्या रेंजमध्ये नाही’ हे रोज ऐकू येते, आणि ते दाते-कर्व्यांत सापडत नाही.